मोठी संख्या तपासायची कशी? नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नऊ-दहा अंकी संख्या समोर ठेवून "हिच्याबद्दल काय सांगता येईल?" असे विचारले, तर बहुतेक जण थेट भागाकाराला लागतात. २ने, ३ने, ५ने, ७ने असे करत दोन पाने भरतात आणि मग काम अर्धवट सुटते. अडचण क्रमाची असते. ज्या प्रश्नांची उत्तरे नुसत्या नजरेने मिळतात ते आधी विचारावेत, ज्यांना घाम गाळावा लागतो ते नंतर. या क्रमाने गेलात तर नऊ अंकी संख्या कागद-पेन्सिलीवर आरामात सुटते, आणि पन्नास अंकी संख्येशी यंत्राच्या मदतीने बोलण्याची पूर्वतयारीही होते.

लेखभर एकच संख्या धरून चालू: ६२,२१,९७,५७६. कागद घ्या आणि बरोबर करत चला, नुसते वाचून यातले फारसे हाती लागणार नाही. खुणेपुरते सांगतो: २^५ म्हणजे २चा पाचवा घात.

पायरी १ : संख्या जशीच्या तशी उतरवा

हे बजावून सांगायला हवे, कारण इथेच पुष्कळांचे गणित बिघडते. एक्सेलसारख्या तक्त्यात संख्येचे पहिले १५ अंकच जपले जातात, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. वीस अंकी संख्या तिथे टाकलीत तर तपासणी भलत्याच संख्येची होईल. साध्या कॅल्क्युलेटरचेही तेच. दशांश चिन्हासह घात दाखवणारे उत्तर अंकगणितात निरुपयोगी, कारण आपल्याला शेवटचा एककसुद्धा अचूक लागतो.

पायरी २ : शेवटचे अंक

६ शेवटी आहे, म्हणून संख्या सम आहे आणि तिला ५ने भाग जात नाही. शेवटचे दोन अंक ७६, त्यांना ४ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ५७६, म्हणजे ८ × ७२. शेवटचे चार अंक ७५७६, त्यांना १६ने भागले तर बाकी ८ उरते. म्हणजे २चा तिसरा घात बरोबर बसतो, चौथा बसत नाही. कारण सोपे आहे: १००० हा ८च्या पटीत येतो आणि १०,००० हा १६च्या, त्यामुळे त्याच्या डावीकडचे सगळे अंक निकालावर परिणाम करत नाहीत.

इथेच आणखी एक प्रश्न फुकटात सुटतो. ही संख्या पूर्ण वर्ग आहे का? पूर्ण वर्गाला १६ने भागले की बाकी फक्त ०, १, ४ किंवा ९ उरते. आपली बाकी ८ आली, म्हणजे वर्ग नाही. वर्गमूळ काढायची गरजच पडली नाही. "शेवटी ६ आहे, म्हणजे वर्ग असेल" असा अंदाज मात्र कधी बांधू नका. अशा कसोट्या नकार ठामपणे देतात, होकार देत नाहीत.

८ने भागून घ्या: ७,७७,७४,६९७ उरले.

पायरी ३ : अंकांची बेरीज

मूळच्या ६२,२१,९७,५७६ची अंकबेरीज ४५. ४५ला ९ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ९ने भागल्यावर उरले ८६,४१,६३३. याची अंकबेरीज ३१, म्हणजे ३ आता आणखी निघणार नाही.

अंकबेरजेचा विषय निघालाच आहे, तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण व्हायलाच हवी. ज्या संख्येला तिच्याच अंकबेरजेने भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' संख्या म्हटले. आपली संख्या हर्षद नाही: अंकबेरीज ४५ आहे आणि संख्येला ५ने भाग जात नाही. हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहे. तीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर अंक बदलतात, बेरीज बदलते, उत्तरही बदलू शकते. उलट "हिला ७ने भाग जातो" ही गोष्ट कोणत्याही पद्धतीत लिहा, खरीच राहते. नवख्याने ही दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. दोन्हींत गंमत आहे, पण पुढची सगळी सूत्रे दुसऱ्या खात्यातून निघतात.

पायरी ४ : तीन-तीनचे गट

माझ्या मते हातात असलेली ही सर्वांत उपयोगी कसोटी, आणि शाळेत ती क्वचितच नीट समजावली जाते. १००१ = ७ × ११ × १३. १०००ला १००१ने भागले तर बाकी "उणे १" धरता येते. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून अधिक-उणे करायचे. आपले स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर पडतात, त्यांच्याकडे इथे दुर्लक्ष करून गट नव्याने पाडा:

६२२ | १९७ | ५७६

५७६ − १९७ + ६२२ = १००१.

म्हणजे ७, ११ आणि १३ तिघांनीही भाग जातो, एका बेरीज-वजाबाकीत. ८६,४१,६३३ ÷ १००१ = ८६३३. नऊ अंकी संख्या चार अंकांवर आली.

हेच गट सरळ बेरजेत घेतले तर ३७ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. ६२२ + १९७ + ५७६ = १३९५, त्यातून ९९९ काढले की ३९६, आणि ३९६ला ३७ने भाग जात नाही. दोन-दोन अंकांचे गट आलटून पालटून घेतले की १०१ची कसोटी: ७६ − ७५ + १९ − २२ + ६ = ४. भाग जात नाही. १७, १९, २३ यांच्यासाठीही युक्त्या सांगितल्या जातात, पण त्या पाठ करण्यापेक्षा सरळ भागाकार लवकर होतो.

पायरी ५ : उरलेला हट्टी तुकडा

आता ८६३३. आधी ७, ११, १३ पुन्हा निघतात का ते पाहा (एखादा मूळ अवयव दोनदा असू शकतो, हे विसरले जाते): ६३३ − ८ = ६२५, त्याला तिघांपैकी कोणानेही भाग जात नाही. ८६३३चे वर्गमूळ ९३च्या किंचित खाली आहे, म्हणून १७ ते ८९ या १८ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्यापलीकडे जायची गरज नाही: संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो.

पण भागाकाराला बसण्यापूर्वी फर्माची पद्धत वापरून पाहा. संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्या आणि त्यातून संख्या वजा करा. ९३चा वर्ग ८६४९.

८६४९ − ८६३३ = १६ = ४ × ४.

फरक स्वतःच वर्ग निघाला! म्हणून ८६३३ = (९३ − ४)(९३ + ४) = ८९ × ९७. अठरा भागाकारांचे काम एका वजाबाकीत झाले. पहिल्या फेरीत फरक वर्ग निघाला नसता तर ९४, ९५ घेऊन पुढे जायचे. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ही पद्धत चटकन उत्तर देते, लांब असतील तर भागाकारापेक्षाही हळू चालते. म्हणून चार-पाच फेऱ्यांनंतर थांबून भागाकाराकडे वळणे शहाणपणाचे.

हाती आलेले पूर्ण उत्तर:

६२,२१,९७,५७६ = २^३ × ३^२ × ७ × ११ × १३ × ८९ × ९७

पायरी ६ : अवयवांवरून बाकीचे सगळे

मूळ अवयव मिळाले की बाकीचे गुणधर्म नुसत्या गुणाकाराने येतात. विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा: ४ × ३ × २ × २ × २ × २ × २ = ३८४.

विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या १पासूनच्या घातांची बेरीज घ्यायची. २साठी १ + २ + ४ + ८ = १५, ३साठी १ + ३ + ९ = १३, बाकीच्यांसाठी ८, १२, १४, ९० आणि ९८. गुणाकार २,३१,१५,४५,६००. यातून संख्या स्वतः वजा केली तरी १,६८,९३,४८,०२४ उरतात, म्हणजे संख्येच्या अडीचपटीहून अधिक. ही बेरीज नेमकी संख्येइतकी आली असती तर ती परिपूर्ण संख्या ठरली असती, ६ किंवा २८सारखी.

ऑयलरचे फाय फलन, म्हणजे १पासून या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा हिच्याशी १शिवाय सामाईक विभाजक नाही: ४ × ६ × ६ × १० × १२ × ८८ × ९६ = १४,५९,८१,४४०. साधारण दर शंभरात तेवीस. २, ३, ७ असे छोटे अवयव असले की हे प्रमाण झपाट्याने खाली येते, मोठ्या अवयवांनी फारसा फरक पडत नाही.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्न मला यातला सर्वांत सुंदर वाटतो. नियम असा: ४ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असायला हवा. आपल्याकडे ३चा घातांक २ आहे, तिथे अडत नाही. ७चा घातांक १, तिथे अडते. म्हणून ६२,२१,९७,५७६ दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही, कितीही शोधले तरी. ८६३३चे मात्र दोन्ही अवयव ४ने भागल्यावर १ बाकी देतात. ८९ = ५^२ + ८^२ आणि ९७ = ४^२ + ९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज म्हणून देणारे, ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आहे. या जोड्या त्यात घातल्या की

८६३३ = ९२^२ + १३^२ = ७७^२ + ५२^२.

दोन वेगवेगळ्या रीती! पडताळून पाहा: ८४६४ + १६९ आणि ५९२९ + २७०४. चार वर्ग घेतले तर कुठलीही धन पूर्णांक संख्या लिहिता येते, हे लाग्रांजने १७७० साली सिद्ध केले.

"मूळ आहे का?" हा वेगळाच प्रश्न

आतापर्यंत अवयव सापडत गेले. समजा सापडलेच नाहीत. उरलेला तुकडा तीस अंकी आहे आणि छोट्या संख्यांनी भाग जात नाही. अशा वेळी अवयव शोधत बसण्याआधी तो मुळात संयुक्त आहे का, ते तपासावे. अवयव न सापडताही हे कळू शकते, आणि ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही.

आधार आहे फर्माच्या छोट्या प्रमेयाचा: न ही विषम मूळ संख्या असेल तर २^(न−१)ला नने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ आली नाही, तर न संयुक्त. बाकी १ आली तर मात्र लगेच खूश होऊ नका. ३४१ घ्या. २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणजे बाकी १. मग २^३४०ची बाकीही १च. तरी ३४१ = ११ × ३१! ५६१ तर याहून फसवी: तिच्याशी १शिवाय सामाईक विभाजक नसलेला कोणताही पाया (म्हणजे वरच्या कसोटीत २च्या जागी दुसरी संख्या) घ्या, ती या कसोटीत उत्तीर्ण होते.

मिलर-राबिन कसोटी हे भोक बुजवते. मूळ संख्येच्या बाबतीत, ज्याचा वर्ग केल्यावर बाकी १ उरते अशा बाक्या दोनच: १ आणि न−१. आता ३४१ पुन्हा पाहू. ३४० = ४ × ८५. २^८५ची बाकी काढा: २^८०ची बाकी १, उरले २^५, म्हणून ३२. हिचा वर्ग १०२४, बाकी १. म्हणजे ३२चा वर्ग १ देतो, पण ३२ ही ना १ आहे ना ३४०. मूळ संख्येत असे घडणे अशक्य, म्हणून ३४१ संयुक्त. इतकेच नाही, ३२ − १ = ३१ आणि ३४१ यांचा मसावि काढला की अवयवही हाती येतो. असे दर वेळी होत नाही, बहुधा फक्त "संयुक्त" एवढेच उत्तर मिळते.

४,७५,९१,२३,१४१पेक्षा लहान संख्यांसाठी २, ७ आणि ६१ या तीन पायांवर ही कसोटी घेतली तर निकाल पक्का असतो. त्याहून मोठ्या संख्यांसाठी पाये वाढवायचे. कोणत्याही संख्येसाठी, नशिबावर काही न सोडता आणि वाजवी वेळात उत्तर देणारी पद्धत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. रोजच्या कामात ती हळू पडते, पण असे करता येते की नाही या जुन्या प्रश्नाचा निकाल तिने लावला.

संख्येचे कूळ विचारा

संख्या कुठल्या सूत्रातून आली हे माहीत असेल तर सगळा खेळ बदलतो. २^३२ + १ = ४,२९,४९,६७,२९७ घ्या. ही मूळ आहे असा फर्माचा समज होता. हिचे वर्गमूळ ६५,५३६च्या जरासे वर, आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागायचे?

ऑयलरने १७३२ साली हिचे अवयव दिले. त्यामागची युक्ती अशी. हिचा कोणताही मूळ अवयव ६४क + १ याच रूपाचा असतो (क म्हणजे कोणताही धन पूर्णांक). कारण त्या अवयवाने भागले की २^३२ची बाकी उणे १, म्हणून २^६४ची बाकी १, आणि त्याआधीच्या घातांत ती १ येत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २च्या "अवयव वजा १" इतक्या घाताची बाकीही १ असते. मग ६४ने "अवयव वजा १" याला भाग जायलाच हवा. आता या रूपाच्या मूळ संख्या लिहून काढा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच भाग जातो!

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ = ५ × २^७ + १, तसेच ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ची बाकी उणे १, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४च्या जागी उणे २^४ चालतो. म्हणून उणे २^३२ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ला ६४१ने निःशेष भाग जातो. मला विचाराल तर नवख्याने या चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून पाहाव्यात.

दुसरे उदाहरण २^६७ − १ चे, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मर्सेनने १६४४ साली दिलेल्या यादीत ही मूळ म्हणून होती. लुकासने १८७६ साली ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण अवयव त्याच्याकडेही नव्हते. ते कोलने १९०३ साली दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली २७ वर्षे "संयुक्त आहे हे नक्की, अवयव ठाऊक नाहीत" अशीच अवस्था होती. इथेही अवयवांचे रूप ठरलेले असते, १३४क + १. १९,३७,०७,७२० ÷ १३४ करून पाहा, बरोबर १४,४५,५८० येतील.

यंत्राकडे कधी वळायचे

दहा-बारा अंकांपर्यंत हाताने करा, शिकायला तेच चांगले. पुढे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, आणि तिथल्या 'पॉव' या फलनाला पाया, घात आणि भाजक अशा तीन किमती दिल्या की घाताची बाकी थेट मिळते. आधी घात काढून मग बाकी काढायला जाऊ नका, संगणक अडकून पडेल. अवयवांसाठी पायथनच्या सिम्पाय या गणिती संचातले 'फॅक्टरइंट' किंवा पारी-जीपी या गणिती प्रणालीतले 'फॅक्टर' वापरा. वीस अंकी संख्येचे अवयव ती क्षणात देतात.

यंत्रालाही मर्यादा आहे, आणि ती दोन प्रश्नांसाठी अगदी वेगळी आहे. २५० अंकी संख्या मूळ आहे का, हे साधा लॅपटॉपही चटकन सांगतो. पण आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव २०२० साली काढले गेले, तेव्हा एका प्रोसेसर गाभ्याच्या हिशेबात सुमारे २७०० वर्षांचे काम लागले. म्हणून शंभराहून अधिक अंकी तुकडा संयुक्त निघाला आणि त्याचे कूळ ठाऊक नसेल, तर "अवयव काढता आले नाहीत" हे उत्तर बिनदिक्कत लिहावे.

पडताळा आणि सरावासाठी एक संख्या

उत्तर लिहिल्यावर दोन गोष्टी तपासा. अवयवांचा गुणाकार दिलेल्या संख्येइतका येतो का? आणि प्रत्येक अवयव खरोखर मूळ आहे का? दुसरी तपासणी पुष्कळदा राहून जाते, मग ९१ किंवा २२१ मूळ म्हणून यादीत बसतात आणि विभाजकांची संख्या, फाय, सगळेच चुकते.

सराव ६८,७१,९४,७६,७३५ वर करा. ही २^३६ − १ आहे, म्हणजे दोन वर्गांचा फरक: (२^१८ − १)(२^१८ + १). पहिला कंस तसाच पुन्हा फुटतो. दुसऱ्या कंसाशी थोडे झगडावे लागेल. तिथे ५१३^२ − ३२^२ करून पाहा. शेवटी विभाजक मोजलेत आणि ५१२ आले, तर अवयव बरोबर निघाले आहेत.